आत्याने नोकरी सोडली, म्हणून मुलीने नर्सिंगचा नाद सोडावा का?

पत्र : माझी मुलगी यंदा जीवशास्त्र घेऊन बारावीला आहे आणि तिला बी. एस्सी. नर्सिंग करायचे आहे. माझी नणंद इंदूरमधल्याच एका खासगी रुग्णालयात बरीच वर्षे स्टाफ नर्स होती. 2021 च्या मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, तिने राजीनामा दिला आणि पुन्हा त्या वाटेला गेली नाही. घरात सगळे म्हणतात, इतका अनुभव असलेली बाई टिकली नाही, तिथे ही काय टिकणार? मुलगी मात्र आत्याकडे पाहूनच नर्स व्हायचे म्हणते. काय करावे?
– एक आई, सुदामा नगर, इंदूर

सप्रेम नमस्कार.

आपण प्रश्न मुलीविषयी विचारला आहे. परंतु त्याआधी नणंदबाईंच्या राजीनाम्याचा नीट विचार व्हायला हवा. त्यांना काम झेपले नाही, हा त्याचा एकच अर्थ घरात सर्वांनी धरून ठेवलेला दिसतो, आणि आपण जे लिहिले आहे त्यावरून तो अर्थ मला मान्य करवत नाही. जी बाई वर्षानुवर्षे नाइट ड्युट्या करते, पहिली संपूर्ण लाट वॉर्डात काढते आणि दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात थांबते, तिला काम येत नव्हते किंवा सोसत नव्हते असे कसे म्हणावे?

साथीच्या काळात रुग्णालयातील माणसे नोकरी सोडण्याचा विचार का करतात, याचे कारण म्हणून पहिल्यांदा संसर्गाच्या भीतीचेच नाव घेतले जाते. भीती होतीच, आणि ती अवास्तवही नव्हती. जानेवारी 2020 ते मे 2021 या काळात जगभरात 80 हजार ते 1 लाख 80 हजार आरोग्य कर्मचारी कोविडने दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण बहुतेकींची भीती स्वतःपुरती नव्हती. घरी सासूबाईंना मधुमेह, लहान मूल कुशीत झोपण्याचा हट्ट करणारे आणि घर दोन खोल्यांचे, अशा स्थितीत ड्युटीवरून परतताना दाराबाहेरच कपडे बादलीत टाकणाऱ्या सिस्टरला आपण रोज घरात काय घेऊन येत आहोत या विचाराने झोप लागत नसे. रुग्णालयाने राहण्याची वेगळी सोय केली असती, तर या भीतीचा मोठा भाग तिथेच संपला असता.

आता प्रत्यक्ष काम पाहा. पीपीई किट एकदा चढवले की पाच-सहा तास पाणी नाही आणि लघवीला जाणे नाही, म्हणून ड्युटीच्या आधीपासूनच पाणी तोडायचे. गॉगलवर वाफ धरलेली, हातात दोन-दोन हातमोजे, आणि अशा अवस्थेत सुकलेल्या म्हाताऱ्या हाताची शीर शोधून सुई लावायची. मासिक पाळीच्या दिवसांत हे सारे कसे निभावले असेल, हे बाईमाणसाला वेगळे सांगायला नको. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक नर्स असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. लाटेच्या काळात अनेक ठिकाणी एकीला त्याच्या कितीतरी पट रुग्ण सांभाळावे लागले. ऑक्सिजनची पातळी दोघांची एकाच वेळी घसरते आणि आपण एकाच खाटेपाशी उभे राहू शकतो, असे प्रसंग ज्यांच्या वाट्याला रोज येतात, त्यांच्या मनाला होणारी जखम साध्या थकव्याची नसते. काय करायला हवे हे त्यांना पक्के ठाऊक असते, हात चालत असतात, पण माणसे आणि साधने अपुरी असल्यामुळे ते करता येत नाही, आणि दोष मात्र स्वतःलाच लागल्यासारखा वाटत राहतो. शेवटच्या क्षणी नातेवाईक आत येऊ शकत नाहीत, म्हणून रुग्णाच्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरून उभे राहण्याचे कामही सिस्टरनीच केले. राजीनाम्याचे विचार बहुधा अशा ड्युटीनंतरच येत असावेत, असे मला वाटते.

त्यात समाजाची वागणूक. इंदूरकरांना टाटपट्टी बाखल ही वस्ती विसरता येणार नाही. 1 एप्रिल 2020 रोजी तिथे तपासणीसाठी गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली, दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या आणि त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर झाल्या. देशभरातील अशा घटनांनंतर त्याच महिन्यात केंद्र सरकारने 1897 च्या साथरोग कायद्यात अध्यादेशाने बदल करून आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा ठरवला. कायदा झाला, पण घर खाली करा म्हणणारे घरमालक आणि जिन्यात तोंड फिरवणारे शेजारी कायद्याने बदलत नाहीत. मे 2020 मध्ये कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतील मणिपूरच्या शेकडो परिचारिका नोकरी सोडून गावी परतल्या, त्यामागे अपुरी संरक्षक साधने आणि पगार यांच्याबरोबरच ही अवहेलनाही होती.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे कारण मात्र यापुढचे आहे. जून 2021 मध्ये मध्य प्रदेशातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या, म्हणजे इंदूर-ग्वाल्हेरच्याही, सुमारे तीन हजार कनिष्ठ डॉक्टरांनी सामूहिक राजीनामे दिले. विद्यावेतनवाढीबरोबर त्यांची एक मागणी अशी होती की, आम्हाला किंवा आमच्या कुटुंबीयांना कोविड झाल्यास मोफत उपचार मिळावेत. ज्या रुग्णालयात आपण दिवसरात्र राबतो, तिथेच आपल्या आईला खाट मिळेल की नाही याची खात्री नसणे, हे कोणाही स्वाभिमानी माणसाला लागणारच. एरवीच्या दिवसांत तुटपुंजा पगार, रजा नाकारणे, रोस्टर परस्पर बदलणे हे माणूस निभावून नेतो. साथीत जीव पणाला लावायची वेळ येते तेव्हा संस्थेने आपली किंमत किती केली आहे, याचा हिशेब त्याच्यापुढे उघडा पडतो.

कॅनडातील टोरांटोमध्ये 2003 साली सार्स या श्वसनरोगाची साथ आली. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी तिथल्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला, तेव्हा सार्सचे रुग्ण हाताळलेल्यांमध्ये मानसिक थकवा अधिक आढळला. परंतु ज्यांना आपले प्रशिक्षण, संरक्षण आणि संस्थेचा आधार पुरेसा होता असे वाटत होते, त्यांच्यात तो कमी होता. अमेरिकेतही 2021 च्या सुरुवातीच्या एका मोठ्या पाहणीत दहापैकी सुमारे तीन आरोग्य कर्मचाऱ्यांनी हे क्षेत्रच सोडण्याचा विचार मनात आल्याचे सांगितले होते. विचार येणे आणि प्रत्यक्ष सोडून जाणे यांत अंतर असते, आणि त्या अंतरात मेट्रनने, म्हणजे मुख्य परिचारिकेने, वेळेवर दिलेला एक ऑफ किंवा शेजारच्या वॉर्डातून मदतीला आलेली एक मैत्रीणही पुष्कळ काम करून जाते.

म्हणून, मुलीला नर्सिंगला जाऊ द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र महाविद्यालय आणि पुढे रुग्णालय डोळसपणे निवडण्याच्या अटीवर. प्रशिक्षण कच्चे असेल तर पहिल्याच संकटात मुलगी खचते, आणि आपल्या राज्यात हा धोका खरा आहे. नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेतील गैरप्रकारांची उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय चौकशी झाली, हे आपण वाचले असेलच. तेव्हा माहितीपत्रकावरच्या फोटोंना भुलू नका. महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय स्वतः जाऊन पाहा, खाटांवर रुग्ण आहेत का ते पाहा, शेवटच्या वर्षाच्या मुलींना आठवड्यातून किती दिवस वॉर्डात पाठवतात ते त्यांनाच विचारा. सरकारी महाविद्यालयाची जागा मिळत असेल तर माझा कल निःसंशय तिकडे आहे.

नोकरीच्या वेळी पगाराइतकीच चौकशी एका नर्सकडे रात्री किती रुग्ण असतात याची करावी. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने 2016 मध्ये शिफारशी केल्या. दोनशेहून अधिक खाटा असतील तर राज्य सरकारी परिचारिकेएवढा पगार आणि पन्नासपेक्षा कमी असतील तरीही किमान 20 हजार रुपये, असे त्यांत म्हटले आहे. त्या सर्वत्र पाळल्या जात नाहीत, पण बोलणी करताना त्या मुलीला ठाऊक असाव्यात. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवून घेऊ देऊ नयेत आणि बाँडवर, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारावर, घरी दाखवल्याशिवाय सही करू नये.

अजून एक विनंती. नणंदबाईंना चारचौघांत ‘तू का सोडलीस’ असे विचारू नका. त्या स्वरात आरोप ऐकू येतो. त्यांची तयारी असेल तर आत्या आणि भाची यांना एखादी दुपार निवांत बसू द्या, आणि काय मिळाले असते तर त्या थांबल्या असत्या, एवढेच मुलीने त्यांना विचारावे. त्या जे सांगतील ते मुलीने लिहून ठेवावे. मुलाखतीला जाताना रुग्णालयाला विचारायचे प्रश्न तिला त्यातूनच मिळतील. बोलताना त्यांना त्रास होतो आहे, किंवा आजही त्या दिवसांच्या आठवणीने त्यांची झोप मोडते असे जाणवले, तर त्यांना समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्यास संकोच करू नका. मुलीच्या प्रवेशाइतकेच तेही निकडीचे आहे.

आपला,
करिअर मार्गदर्शक