दौरा पुरा करून निघ

सप्रेम आशीर्वाद.

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. तू विचारलं आहेस, "काका, बँड सोडू का?" पण वाचता वाचता कळत गेलं की सोडायचं तुझं ठरलेलं आहे. तुला झोप लागत नाहीये ती दोन वेगळ्या गोष्टींमुळे. ती चौघं काय म्हणतील, आणि त्यांच्या वाजवण्याशिवाय आपल्या आवाजात काही उरेल का. मेसेजमध्ये उत्तर देण्यासारखं हे नाही, म्हणून पत्र लिहितो आहे.

तू पीटर गॅब्रिएलला ओळखतेस ती 'स्लेजहॅमर'च्या व्हिडिओमुळे. मी त्याला आधी ऐकला जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडचा गायक म्हणून, मित्राच्या घासून गेलेल्या कॅसेटवर. तुझ्यासमोर जे उभं आहे ते त्याच्यासमोर 1974 साली उभं होतं, आणि त्यातून तो ज्या रीतीने बाहेर पडला ती मला आजही शिकवण्याजोगी वाटते.

इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या चार्टरहाऊस शाळेत 1967 साली या बँडची पहिली मुलं एकत्र आली. गाणी लिहायची आणि ती दुसऱ्या कुणीतरी गावीत, एवढंच सुरुवातीला त्यांच्या मनात होतं. 1972 साली डब्लिनच्या एका कार्यक्रमात गॅब्रिएल मधेच आत गेला आणि बायकोचा लाल झगा घालून, डोक्यावर कोल्ह्याचा मुखवटा चढवून बाहेर आला. सोबत्यांना त्याने आधी काही सांगितलं नव्हतं. तिथून पुढे फोटो त्याचे, मुलाखती त्याच्या, आणि बघणाऱ्याला वाटायचं की सगळं हाच लिहितो. खरं तर कीबोर्डवाला टोनी बँक्स आणि बासवाला माइक रदरफर्ड यांचा त्या संगीतात निम्म्याहून अधिक जीव होता, आणि रेकॉर्डवर गाणी सगळ्यांच्या मिळून नावावर असत. तुमच्या मागच्या पोस्टरवर तुझा चेहरा मोठा आणि ती चौघं मागे धूसर आहेत. तू ते मुद्दाम केलं नाहीस हे मला ठाऊक आहे. तरी कीबोर्डवाल्या मुलाने ते पोस्टर कसं पाहिलं असेल, याचा एकदा शांतपणे विचार कर.

मग आलं 1974. हेडली ग्रेंज नावाच्या एका जुन्या, पडक्या वाड्यात बँड नवा दुहेरी अल्बम करायला राहिला. कथा आणि शब्द आपणच लिहिणार, असा गॅब्रिएलने आग्रह धरला होता. त्यामुळे चौघं एका खोलीत चाली बांधायचे आणि हा दुसऱ्या खोलीत एकटा लिहीत बसायचा. मधेच विल्यम फ्रीडकिन या अमेरिकन दिग्दर्शकाकडून सिनेमाच्या कामासाठी बोलावणं आलं. तो थोडे दिवस बाहेर पडला आणि परत आला. जुलैमध्ये त्याला पहिली मुलगी झाली, आणि जन्मताच तिच्या जिवावर बेतलं. इकडे वेल्समध्ये रेकॉर्डिंग, तिकडे लंडनमध्ये हॉस्पिटल. त्या दिवसांत आपण त्याला समजून घेतलं नाही, हे सोबत्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं. ते तेव्हा विशीतले होते, तुमच्याच वयाचे. मूल आजारी असणं म्हणजे काय, हे त्या वयात कळत नाही.

नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचा दौरा सुरू होत असताना, क्लीव्हलंड शहरात, त्याने बँडला सांगितलं की मी सोडतो आहे.

आणि मग तो गायला. शंभराच्या आसपास कार्यक्रम, प्रत्येक रात्री तो आख्खा दुहेरी अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, वेशांतरांसकट, थेट मे 1975 मध्ये फ्रान्सला दौरा संपेपर्यंत. सहा महिने पाचही जणांना माहीत होतं की हे संपणार आहे, आणि तरी रोज संध्याकाळी ते एकत्र स्टेजवर जात होते. जाहीर झालं ते त्या ऑगस्टमध्ये. त्याने वृत्तपत्रांना स्वतः पत्र लिहून कळवलं की का जातो आहे आणि बँडशी आपलं वैर नाही.

मी हे केलं नाही. चोविसाव्या वर्षी, एका महोत्सवाला तीन दिवस उरले असताना, मी बास गिटार पिशवीत घातली आणि सोडतो म्हणून चिठ्ठी ठेवून निघून आलो. कारणं खरी होती. पण माझे सोबती बासशिवाय स्टेजवर उभे राहिले आणि त्यांची फजिती झाली. आमचा ड्रमर पुढे अकरा वर्षं माझ्याशी बोलला नाही. त्याचं बरोबर होतं. मी नंतर बऱ्याच जणांबरोबर वाजवलं, पण माझा हात कुठे जाणार आहे हे मला कळण्याआधी त्याला कळायचं, तसा ड्रमर पुन्हा मिळाला नाही. म्हणून तुला सांगताना माझा स्वर जरा चढतो आहे.

गॅब्रिएलचं पुढे काय झालं ते ऐक. जगभरचं संगीत एका मैदानात आणायचं, असं त्याच्या मनात होतं. जुलै 1982 मध्ये शेप्टन मॅलेट गावी वोमॅड नावाचा महोत्सव त्याने आणि सोबत्यांनी पहिल्यांदा भरवला. बुरुंडीचे ढोलवादक आले, संगीत अपूर्व झालं आणि पैसा बुडाला. देणेकरी दारात आले. तेव्हा जेनेसिस पुढे आलं. त्यांना त्याची गरज उरली नव्हती. ड्रमर फिल कॉलिन्सला गायक करून त्यांनी एव्हाना त्याच्यापेक्षा जास्त रेकॉर्ड विकले होते. तरी 2 ऑक्टोबर 1982 रोजी मिल्टन कीन्सच्या उघड्या मैदानात, धो धो पावसात, ते एका रात्रीसाठी त्याच्या मागे उभे राहिले आणि ती कमाई महोत्सवाचं कर्ज फेडायला गेली. वोमॅड जगलं. 1985 साली त्याच महोत्सवात नुसरत फतेह अली खाँ गायले. पुढे खाँसाहेबांचा आवाज आणि एल. शंकर यांचं व्हायोलिन गॅब्रिएलच्या 1989 च्या 'पॅशन' या अल्बममध्ये आलं. क्लीव्हलंडमध्ये सांगून तो त्याच रात्री विमानात बसला असता, तर मिल्टन कीन्सला कोण आलं असतं, हे मी कितीदा तरी मनाशी म्हटलं आहे.

डिसेंबरपर्यंत तुमच्या तीन तारखा ठरलेल्या आहेत ना? त्या तिन्ही गा. आतापर्यंत गायली नसशील इतकं चांगलं गा.

आता दुसरी भीती. त्यांच्याशिवाय काय उरेल?

पहिल्यांदा फारसं काही उरल्यासारखं वाटणार नाही, हे मनाशी धरूनच चाल. गॅब्रिएलने दीड वर्ष काही बाहेर काढलं नाही. घरी राहिला, बागेत भाजीपाला लावला, मुलीसोबत वेळ घालवला. 1977 च्या सुरुवातीला त्याचा पहिला एकट्याचा अल्बम आला आणि तो, माझ्या मते, विस्कळीत आहे. एकीकडे मोठा ऑर्केस्ट्रा, दुसरीकडे गमतीची कोरसगाणी. जे जे बँडमध्ये करता आलं नाही ते सगळं एकदम करून बघितल्यासारखं. पण त्यातच 'सॉल्सबरी हिल' आहे. बाथ शहराजवळची ही एक टेकडी. गाणं बँड सोडण्याबद्दलच आहे. ते ऐकताना मात्रा मोज. बहुतेक गाणं सातात आहे. आपल्या रूपकासारखी तीन-दोन-दोन अशी विभागणी नाही, पण मात्रा सातच. चार मात्रांच्या रॉकची सवय झालेल्या कानाला दरवेळी एक पाऊल कमी पडल्यासारखं वाटतं आणि चाल पुढे ढकलली जाते. सोडून जाण्याचं गाणं असंच चालायला हवं, हे त्याला सुचलं याचं मला फार अप्रूप आहे. तू लहानपणी सात वर्षं तबल्याच्या साथीने गायली आहेस. बँडमध्ये ते कुठे गेलं?

खरा गॅब्रिएल सापडला तो तिसऱ्या अल्बमवर, 1980 साली. आणि कसा सापडला बघ. त्याने ड्रमरना सांगितलं, झांजा वाजवायच्या नाहीत. एकही नाही. रॉकच्या ड्रमरला झांज नाही म्हणजे भजनी मंडळाला टाळ नाही म्हणण्यासारखं. हात सवयीने तिकडे जातो आणि रिकामा परततो. पण झांजेचा सततचा झणझणाट गेल्यावर वरची सगळी जागा मोकळी झाली आणि तिथे आवाज, श्वास, कीबोर्डचे चमत्कारिक सूर बसले. याच सत्रांत ह्यू पॅडगम या ध्वनिमुद्रकाच्या हातून ड्रमचा तो प्रसिद्ध ध्वनी सापडला: ठोका पडतो, खोलीभर घुमतो आणि घुमारा मधेच कापल्यासारखा तुटतो. आणि तो सापडला तेव्हा ड्रमवर कोण होतं? फिल कॉलिन्स. गॅब्रिएलची जागा घेतलेला गायक त्याच्याच अल्बमवर वाजवायला आला होता. पुढच्याच वर्षी कॉलिन्सने तोच ध्वनी स्वतःच्या पहिल्या एकट्याच्या अल्बमवर वापरला आणि जगभर पोचवला. कुणी कुणाचं चोरलं वगैरे भांडण नाही.

गॅब्रिएलच्या अमेरिकेतल्या कंपनीने हा तिसरा अल्बम काढायलाच नकार दिला. तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेत 1977 साली पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या स्टीव्ह बिको या वर्णभेदविरोधी कार्यकर्त्यावरचं गाणं आहे. 1988 मध्ये ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या दौऱ्यात गॅब्रिएल दिल्लीला येऊन गेला, तेव्हा मला जाता आलं नाही. ती हळहळ अजून आहे.

झांजा काढण्याची गोष्ट तुझ्यासाठी अशी. तुमच्या बँडची बहुतेक गाणी ई या पट्टीत आहेत, म्हणजे पांढरी तीन. ते गिटारच्या सोयीचं आहे. तुझा आवाज काळी चारमध्ये किती खुलतो, हे मी तुझ्या आईसमोर तुला भजन गाताना ऐकलं आहे. वरून ड्रम इतके मोठे की तू तीन वर्षं त्यांच्यावरून ओरडते आहेस, आणि त्यालाच तू आपली शैली समजू लागली आहेस. एक महिना फक्त तानपुरा घे. गिटार नको, लॅपटॉप नको. आपलीच गाणी आपल्या पट्टीत, बोलण्याइतक्या आवाजात म्हण आणि फोनवर टिपून ठेव. त्यातली निम्मी गाणी उभी राहणार नाहीत. जी राहतील त्यांच्यापासून सुरू कर.

नवं नाव, नवा लोगो या गोष्टींत पैसे घालू नकोस. गॅब्रिएलच्या पहिल्या चारही अल्बमचं नाव फक्त 'पीटर गॅब्रिएल' होतं, मासिकाच्या अंकांसारखं. चौथा फक्त अमेरिकेत 'सिक्युरिटी' या वेगळ्या नावाने निघाला.

आणखी एक वाट आहे, ती न पाहता निघू नकोस. कॉलिन्सने 1981 मध्ये एकट्याचा अल्बम काढला तो जेनेसिसमध्ये राहूनच, आणि बँड सोडला 1996 मध्ये. पंधरा वर्षं दोन्ही चाललं. त्याला झेपलं, कारण बँडसाठी एक प्रकारची गाणी आणि स्वतःसाठी दुसऱ्या प्रकारची, हे त्याच्या मनात वेगळं होतं. तुझं तसं आहे का ते तुलाच माहीत. मला वाटतं, नाही. तू जे लिहितेस ते सगळं एकाच विहिरीतून येतं, आणि ते दोन ठिकाणी वाटलंस तर दोन्हीकडे अर्धं पोचेल.

पैशांचं थोडक्यात. तुमच्या नऊ गाण्यांपैकी कुठलं कुणी लिहिलं, चाल कुणाची, हे पाचही जणांनी एका कागदावर लिहून सह्या करा. नंतर आठवणी बदलतात आणि प्रत्येकाची आठवण त्याच्या बाजूने बदलते. आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था, तिथे गीतकार-संगीतकार म्हणून नाव नोंदव. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर सिनेमात किंवा रेकॉर्डवर गेलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला तुझा वाटा कंपनीला कायमचा लिहून देता येत नाही, पण नोंदच नसेल तर तो वाटा तुझ्यापर्यंत पोचणार कसा? वर्गणी काढून घेतलेला ॲम्प तिथेच राहू दे. इन्स्टाग्रामचा पासवर्डही.

लोक तुला विचारतील, भांडण झालं का. दोन ओळींत खरं काय ते सांग आणि पुढचं गाणं म्हण. गॅब्रिएलला हा प्रश्न पन्नास वर्षं विचारला गेला. मार्च 2022 मध्ये लंडनला जेनेसिसचा अखेरचा कार्यक्रम झाला. आजारपणामुळे कॉलिन्स खुर्चीत बसून गात होता, ड्रमवर त्याचा मुलगा होता, आणि प्रेक्षकांत गॅब्रिएल बसला होता.

तू अजून त्या चौघांना काही बोललेली नाहीस, हे तुझ्या मेसेजवरून दिसतं. शनिवारी तुमचं जॅमिंग आहे. वाजवून झाल्यावर सामान आवरताना सांगू नकोस. सगळे दमलेले असतात आणि प्रत्येकाला घरी जायची घाई असते. तास-दीड तास आधी बोलावून घे आणि ॲम्प सुरू करण्याआधी सांग. मग डिसेंबरची गाणी काढा आणि वाजवा.

रात्री किती वाजले तरी फोन कर. मी जागा आहे.

तुझा,
काका