श्वानपालकांचे प्रश्न: चिंगीचा विमा, दत्तकाचा फॉर्म आणि सोसायटीची लिफ्ट

मागच्या अंकात या सदरात गोचिडांविषयी लिहिले होते, त्यामुळे या खेपेची पत्रे गोचीडतापाविषयी असतील असा माझा अंदाज होता. तो साफ चुकला. बहुतेक वाचकांनी कागद आणि पैसा यांविषयी विचारले आहे. पहिल्या दोन पत्रांना सविस्तर उत्तर दिले आहे, उरलेल्यांना त्यांच्या गरजेपुरते.

प्रश्न: आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये लहानाची मोठी झालेली एक गावठी कुत्री मागच्या दिवाळीनंतर आम्ही घरात घेतली. तिचे नाव चिंगी. वय दोन-अडीच वर्षांचे असावे. माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याने तिथे आपल्या कुत्र्याचा विमा काढला आहे आणि आम्हीही चिंगीचा काढावा, असा त्याचा आग्रह आहे. गावठी कुत्रीचा विमा निघतो का? तिची जन्मतारीख कुठून आणायची? आणि निवृत्तिवेतनातून हा हप्ता भरण्यात काही अर्थ आहे का?
एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. चिंगीच्या वयात विमा काढण्यात अर्थ आहे, मात्र तो योग्य प्रकारचा असला पाहिजे.

आपल्याकडे कुत्र्यांचा विमा गोठ्यातून घरात आला. गाय किंवा म्हैस दगावली तर तिच्या किमतीच्या हिशेबाने भरपाई मिळते आणि त्यासाठी तिच्या कानातला बिल्ला दाखवावा लागतो. बिल्ला नाही तर दावा नाही, हे आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला तोंडपाठ असते. सरकारी विमा कंपन्यांच्या जुन्या श्वान पॉलिसी याच साच्यातल्या आहेत, म्हणजे कुत्रा आजाराने किंवा अपघाताने मेला तर ठरलेली रक्कम मिळते आणि ती रक्कम कुत्र्याच्या किमतीवरून ठरते. हजारो रुपये मोजून आणलेल्या जर्मन शेफर्डला हा हिशेब लागू पडतो. चिंगीला बाजारात कोणी दमडी देणार नाही, पण उद्या रिक्षाखाली सापडून तिच्या मांडीचे हाड मोडले, तर प्लेट बसवण्याचा खर्च शेफर्डला जितका येतो तितकाच तिलाही येईल. म्हणून गावठी कुत्र्याच्या मालकाने मृत्यूच्या भरपाईपेक्षा इस्पितळाचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च देणारी पॉलिसी शोधावी. काही खासगी कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत अशा पॉलिसी आणल्या आहेत आणि त्यांतल्या काही गावठी व मिश्र जातीच्या कुत्र्यांनाही घेतात. त्यातच त्रयस्थ व्यक्तीला झालेल्या इजेची जबाबदारी उचलणारे कलम मिळत असेल तर ते अवश्य घ्यावे. पार्किंगमध्ये वाढलेली कुत्री जिना आपल्याच मालकीचा समजते आणि पार्सल घेऊन येणाऱ्या मुलाला ते ठाऊक नसते.

जन्मतारखेची चिंता करू नका. कुत्र्याचे वय दातांवरून सांगता येते, पण खात्रीने सांगता येते ते सहा-सात महिन्यांपर्यंतच, कारण तोवर दुधाचे दात पडून सगळे बेचाळीस दात आलेले असतात. पुढे दातांची झीज, त्यांवर चढलेले कीटण आणि डोळ्यांतल्या भिंगाची छटा पाहून अंदाज बांधावा लागतो. तुमच्या पशुवैद्यांकडून ‘अंदाजे वय अडीच वर्षे’ असे तारखेसह लिहून घ्या आणि ‘अंदाजे’ हा शब्द गाळू देऊ नका. ओळखीसाठी मायक्रोचिप बसवून घ्यावी. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सुईने सोडतात आणि यंत्र फिरवले की पंधरा आकडी क्रमांक दिसतो. कुत्रे हरवले तर चिपमुळे त्याचा ठावठिकाणा कळतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. ते कुत्रे तुमचे आहे एवढेच चिप सांगते. चिंगीच्या कानातला तो बिल्लाच म्हणा ना.

पॉलिसी घेताना काय मिळते याच्या आधी काय मिळत नाही ते वाचावे. रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपर यांसारख्या लस असलेल्या रोगांचा खर्च, ती लस वेळेवर दिलेली नसेल तर बहुधा नाकारला जातो. नेहमीचे लसीकरण आणि निर्बीजीकरण सहसा धरलेले नसते. सुरुवातीच्या काही दिवसांत उद्भवलेला आजार चालत नाही. आणि ‘पूर्वीपासूनचा आजार’ हे कलम सर्वांत काळजीपूर्वक वाचण्याजोगे आहे.

या कलमाने मलाही एकदा ओशाळे केले आहे. चार वर्षांच्या एका गोल्डन रिट्रीव्हरच्या मागच्या उजव्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली आणि मालकांनी दावा केला. कंपनीने तो फेटाळला, कारण आठ महिन्यांपूर्वीच्या केस पेपरवर माझ्याच अक्षरात ‘लंगडतो’ असा एकच शब्द होता. त्या दिवशी त्याच्या पुढच्या डाव्या पंजात बाभळीचा काटा रुतला होता. मी तो चिमट्याने काढला, आयोडीन लावले आणि बाहेर रांग होती म्हणून पाय कोणता, कारण काय, हे न लिहिताच पुढच्या रुग्णाला आत बोलावले. पुढे दोन्ही तारखा, दोन्ही पाय आणि तो काटा यांचा उल्लेख करून मी सविस्तर पत्र दिले, तेव्हा कुठे दावा मंजूर झाला, पण तोवर मालकांचे दोन महिने हेलपाट्यांत गेले. तेव्हापासून पाय कोणता ते मी कागदावर लिहितोच, आणि तुम्हीही दवाखान्यातून निघण्यापूर्वी कागद वाचावा. डॉक्टरांना राग येईल असे समजू नका. आला तर येऊ द्या.

दावा नाकारला गेलाच तर कारण लेखी मागावे आणि आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. तिथे नकार मिळाला किंवा महिनाभरात उत्तर आले नाही, तर विमा लोकपालांकडे अर्ज करता येतो. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत, तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही. मात्र नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जावे लागते.

तुमच्याकडे चिंगीऐवजी नऊ वर्षांचे कुत्रे असते तर माझा सल्ला वेगळा असता. त्या वयाला नवी पॉलिसी मिळणे अवघड, आणि मिळाली तरी म्हातारपणाची दुखणी त्यातून वगळलेली. अशा वेळी पोस्टात दरमहा पाचशे रुपयांची आवर्ती ठेव उघडावी. पाच वर्षांत मुद्दलच तीस हजार होते आणि ते मिळवण्यासाठी कोणाचे अक्षर कोणाला वाचून दाखवावे लागत नाही.

प्रश्न: नऊ वर्षांच्या मुलीच्या हट्टापायी आम्ही दत्तक शिबिरात गेलो. आम्हाला महिना-सव्वा महिन्याचे एक गोंडस पिल्लू आवडले, पण संस्थेने चार पानी फॉर्म पुढे केला. त्यात आधार क्रमांक, घरभाड्याचा करार, घरमालकाची संमती, आमच्या नोकरीच्या वेळा असे सगळे विचारले होते, आणि घर बघायला माणूस पाठवू असेही सांगितले. आम्ही पिल्लू मागायला गेलो होतो की मुलगी मागायला, तेच कळेना. शिवाय सासूबाईंना कुत्र्यांची भीती वाटते. विकतच घ्यावे का?
एक वाचक, नाशिक

उत्तर: फॉर्मचा राग समजू शकतो, पण त्यातला प्रत्येक रकाना कुठल्या तरी परत आलेल्या कुत्र्यामुळे आला आहे. घरमालकाने बजावले म्हणून, बदली झाली म्हणून, बाळ झाले म्हणून परत येणारी कुत्री अशा संस्था रोज पाहतात, आणि एकदा सोफ्यावर झोपलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर टिकत नाही. संस्थेकडे एकच तक्रार करावी, ती म्हणजे इतके लहान पिल्लू शिबिरात आणल्याची. विक्रीचे पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी देऊ नये, असे श्वानप्रजनन व विक्रीविषयीचे 2017 चे केंद्रीय नियम सांगतात, आणि दत्तकालाही तोच शहाणपणा लागू आहे. आईचा आणि भावंडांचा सहवास लवकर तुटलेले पिल्लू, किती जोरात चावले म्हणजे दुखते, हे शिकलेलेच नसते. ते मग तुमच्या मुलीच्या हातावर शिकते.

विकत घेण्याच्या मी विरोधात नाही, मात्र विक्रेता राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदलेला आहे का, हे विचारा आणि पिल्लाची आई डोळ्यांनी पाहा. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून उठावे. तुमच्या घरासाठी मात्र माझे मत वेगळे आहे. तुम्ही दोघे नोकरीला जाता, दुपारी घरात फक्त सासूबाई असतात आणि त्यांना भीती वाटते. दोन महिन्यांचे पिल्लू दर दोन-तीन तासांनी शू करते, फरशी पुसण्याचे काम त्यांच्यावर येईल, आणि पिल्लाचे सुईसारखे दात पदराला लागले की भीती जाण्याऐवजी वाढेल. तुम्ही दोन-तीन वर्षांचे, निर्बीजीकरण झालेले, स्वभावाने थंड असे गावठी कुत्रे घ्या. त्याचा आकार, अंगावरचे केस, स्वभाव, जे काही आहे ते समोर दिसते. पिल्लात ते सगळे सोडतीच्या तिकिटासारखे असते. शक्य असेल तर त्याला दोन-तीन आठवडे पाहुणे म्हणून ठेवा आणि सासूबाईंच्या संमतीशिवाय फॉर्मवर सही करू नका.

पहिले काही दिवस कुत्रे पलंगाखालून बाहेर येणार नाही. येऊ द्यावे त्याच्या वेळेने. आल्या आल्या त्याला साबणाने आंघोळ घालून, ओवाळून, सगळ्या शेजाऱ्यांना बोलावण्याची आपली पद्धत त्याच्यासाठी छळ असते. मुलीला एकच नियम घालून द्या, की कुत्रे जेवत किंवा झोपलेले असताना त्याला हात लावायचा नाही. तरीही दात किंवा नख लागलेच, तर कुत्र्याला लस दिलेली असो वा नसो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना किंवा मिरची लावू नये.

तुम्ही नाशिककर, म्हणून आणखी एक सांगतो. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका कुत्र्यांना विषासमान आहेत. त्यांतल्या टार्टारिक आम्लाने मूत्रपिंडे बंद पडतात असा आता पशुवैद्यांचा कयास आहे, आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल हे आधी सांगता येत नाही. शिऱ्यातले बेदाणेही त्यातच आले.

प्रश्न: सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव करून कुत्र्यांना लिफ्टमध्ये बंदी केली आहे. आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो आणि आमचा पग बारा वर्षांचा आहे. काय करावे?
एक वाचक, ठाणे

उत्तर: ठराव बहुमताने झाला असला तरी तो टिकणारा नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही आकारता येत नाहीत. त्या सूचनांची प्रत जोडून सचिवांना शांतपणे पत्र लिहा. पण पत्र देण्यापूर्वी आपली बाजू स्वच्छ आहे ना, तेवढे पाहावे. महापालिकेचा परवाना, रेबीज लसीचा चालू दाखला, लिफ्टमध्ये आखूड धरलेला पट्टा आणि घाण उचलण्यासाठी खिशात जुने वर्तमानपत्र, एवढे असले की निम्मे भांडण मिटते. माझ्या अनुभवात लिफ्टचा ठराव लिफ्टमुळे क्वचितच होतो, तो बागेतल्या न उचललेल्या घाणीमुळे होतो. पगला जिने मात्र चढायला लावू नका. चपट्या नाकाच्या त्या जातीला, तेही या वयात, अकरा मजले म्हणजे जिवाशी खेळ आहे आणि तुमच्या पशुवैद्यांनी तसे लिहून दिले तर तो कागदही पत्राला जोडा.

प्रश्न: आमच्या लॅब्राडॉरचे वजन 44 किलो झाले आहे. आई त्याला रोज तूप लावून चार पोळ्या देते. सांगितले की म्हणते, नामदेवांनी तर कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली होती.
एक वाचक, सांगली

उत्तर: नामदेव धावले ते कोरडी भाकरी पळवणाऱ्या उपाशी कुत्र्यामागे. शिवाय त्या कथेतले कुत्रे स्वतः पळत होते, हे आईंच्या लक्षात आणून द्यावे. अनेक लॅब्राडॉरमध्ये पोट भरल्याची जाणीव करून देणाऱ्या जनुकातच दोष असतो, त्यामुळे त्याची केविलवाणी नजर हा भुकेचा पुरावा धरू नये. त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवा. न दाबता त्या मोजता आल्या पाहिजेत. आईंचा हात एकदम थांबवण्यापेक्षा चार पोळ्यांच्या जागी अर्धी पोळी करा, तूप बंद करा आणि गाजर, काकडी, उकडलेला दुधी त्यांच्याच हातून द्यायला सांगा. फोडणीचे मात्र काही नको, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्यांच्या रक्तपेशी नष्ट करतो.

प्रश्न: गणपतीला चिपळूणला रेल्वेने जाताना कुत्रे बरोबर नेता येते का?
एक वाचक, डोंबिवली

उत्तर: येते, पण शयनयानात किंवा थ्री टायरमध्ये नाही. वातानुकूलित प्रथम वर्गातला दोन किंवा चार जणांचा संपूर्ण कक्ष तुमच्या नावे असेल तरच कुत्रे तुमच्याजवळ राहू शकते, आणि त्याची नोंद पार्सल कार्यालयात वेगळी करावी लागते. नाहीतर गार्डच्या डब्यातली श्वानपेटी उरते. गणपतीच्या गर्दीत, ढोलताशांच्या आवाजात, लोखंडी पेटीत कित्येक तास बसवण्यापेक्षा त्याला ओळखीच्या माणसाकडे डोंबिवलीतच ठेवा, असे मी सुचवेन. न्यायचेच असेल तर लसीकरणाचे कार्ड बरोबर घ्या आणि गाडी सुटण्यापूर्वी दोन-तीन तास त्याला खायला देऊ नका. पाणी मात्र द्या.