बोट बघायला जाशील तेव्हा स्क्रूड्रायव्हर ने

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतचे फोटोही. ती निळी शिडं बघून माझाच जीव वरखाली झाला, खोटं कशाला सांगू. लाकडी एंटरप्राइज, म्हणजे दोघांनी चालवायची शिडाची छोटी बोट, आठ वर्षं कुणाच्या तरी फार्महाउसवर पडलेली, आणि किंमत एका बऱ्या स्कूटरपेक्षा कमी. तू विचारलं आहेस, "काका, घेऊ का?" पण पत्राचा सूर असा आहे की मनातल्या मनात तू तिला नवा रंगसुद्धा देऊन टाकलास. माझ्याकडून फक्त "हो" हवंय. ते आज मिळणार नाही. तिच्या तळाला अजून कुणी हात लावून बघितलेला नाही.

बोट जातीची चांगली आहे, याबद्दल वाद नाही. जॅक होल्ट या इंग्रज माणसाने १९५६ साली तिचा आराखडा केला, तो हौशी माणसाला घरच्या घरी प्लायवूडमधून बांधता यावा असा. लांबी ४.०४ मीटर, माणसं दोन, मोठं शीड आणि पुढचं लहान शीड (जिब) मिळून साडेदहा चौरस मीटरच्या आसपास कापड. १९८२च्या आशियाई खेळांत या वर्गाचीही शर्यत होती. त्या काळातल्या कुठल्याही सेलरसमोर नुसतं "एंटरप्राइज" म्हणून बघ, चहा थंड होईपर्यंत तुला उठू देणार नाही.

पण ती प्लायवूडची आहे, हे विसरू नकोस. कोकणातली फळ्यांची होडी उन्हात वाळली तर फटी पडतात, पाण्यात ढकलली की लाकूड फुगतं आणि फटी आपोआप बुजतात. त्या होड्या बघून वाढलेली माणसं तुला सांगतील, "पाण्यात टाका, होईल नीट." त्यांचं ऐकू नकोस. प्लायवूडमध्ये एकदा पाणी शिरलं की थर सुटतात, आणि सुटलेला थर पुन्हा चिकटत नाही.

म्हणून रविवारी जाशील तेव्हा एक जुना, बोथट स्क्रूड्रायव्हर बरोबर ने. मालकाला आधी विचार. तो टोचू देत नसेल तर ते त्याचं उत्तरच समज. चार जागा टोचून बघायच्या. मागच्या उभ्या फळीचे, म्हणजे ट्रान्समचे, खालचे दोन्ही कोपरे. सेंटरबोर्डची, म्हणजे बोटीच्या मधून खाली पाण्यात सोडतात त्या फळीची, पेटी तळाला जिथे जोडली आहे तो सांधा. डोलकाठीचा बुंधा टेकतो ती जागा. आणि डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा जिथे बोटीला अडकवतात तिथलं लाकूड. मूठ उलटी करून ठोक. "टक" आवाज आला तर ठीक, "भद्द" आला तर आत काय आहे ते रंगाने झाकलंय. ताजा रंग दिसला तर दुप्पट वेळ ठोक.

मग वजन कर. नुसती बोट, डोलकाठी आणि शिडांशिवाय, ९५ किलोच्या आसपास भरायला हवी. बाथरूममधला वजनकाटा पुढच्या टोकाखाली ठेव, आकडा लिहून घे, मग मागच्या टोकाखाली, आणि बेरीज कर. सव्वाशे भरली तर तीस किलो पाणी आणि थापलेली पुटी तू विकत घेते आहेस.

शिडं उन्हासमोर धरून बघ. कापडाच्या आधी शिवण जाते, कारण ऊन दोऱ्याला आधी खातं. नखाने शिवणीवर जोरात ओरखडा काढ; दोरा तुटला तर सगळी शिवण नव्याने मारायची.

आता माझी गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचा मुद्दा पटेल. माझी पहिली बोट मी स्वतः कुजवली. पाऊस लागायच्या आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्री चारही बाजूंनी गच्च आवळून बांधली आणि चार महिने छाती फुगवून हिंडलो. दसऱ्याला सोडली तर आत बुरशीचा भपकारा, आणि ट्रान्समचा कोपरा बोटाने निघाला, खरवसासारखा. धरणाच्या पाण्याने ती बोट गेली नाही, ताडपत्रीखाली कोंडलेल्या पावसाने गेली. लाकडाला खाऱ्या पाण्यापेक्षा गोडं पाणी वाईट. तेव्हा पावसाळ्यात बोट पालथी, दोन लाकडी घोड्यांवर (टेकूंवर), जमिनीपासून वीतभर वर. बुचं काढलेली. ताडपत्री तंबूसारखी, दोन्ही टोकं उघडी, आतून वारा फिरला पाहिजे.

दुरुस्ती निघालीच तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये "मरीन प्लाय" म्हटलं की दुकानदार मान हलवतोच. तू आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघ, आणि एक तुकडा घरी आणून दोन-तीन तास उकळ. (आईचा कुकर घेऊ नकोस, मी घेतला होता.) थर सुटले तर प्लाय परत कर. लाकूड चिकटवायचं आणि वरून लेपायचं इपॉक्सी जुलैत लावू नकोस, दमट हवेत त्यावर तेलकट साय धरते. आणि उघडं इपॉक्सी उन्हात टिकत नाही, वर व्हार्निश किंवा रंग हवाच.

चालवायची कुठे, हे तू विचारलंच नाहीस. पुण्याभोवती पाणी पुष्कळ आहे, पण ते आपलं नाही. खडकवासल्याचं पाणी शहर पितं, धरण जलसंपदा विभागाचं, आणि तिथला पीकॉक बे एनडीएचा (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा), तिथे त्यांचे कॅडेट शिडाच्या बोटी शिकतात. कुठल्याही जलाशयात उतरायच्या आधी परवानगी लेखी घे. "सगळेच जातात हो" या वाक्यावर बोट पाण्यात ढकलू नकोस.

आणि धरणावरचा वारा समुद्रावरच्यासारखा सरळ येत नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा येतो खरा, पण डोंगरांना ठेचकाळत, कधी इकडून तर कधी तिकडून. वाऱ्याच्या दिशेला बघत राहा. पाण्यावर गडद डाग पळत येताना दिसला की पाच-दहा सेकंदांत झोत अंगावर आलाच. तेवढ्यात शीड ओढून धरणारा दोर ढिला करायचा. कोकणात शिडाच्या या दोराला दामण म्हणतात. दामण कधीही बांधून ठेवायची नाही, हातातच ठेवायची. माझ्या ओळखीतल्या निम्म्या बोटी बांधलेल्या दामणीमुळे उलटल्या आहेत, त्यात माझी दोनदा.

तुझीही उलटेल. पहिल्यांदा मुद्दाम उलटव, काठाजवळ, लाइफ जॅकेट घालून, जाणता माणूस बरोबर असताना. आधी जोडीदार कुठे आहे ते बघायचं, मग दामण सोडायची, मग सेंटरबोर्डवर उभं राहून मागे रेलायचं. काठ कितीही जवळ दिसला तरी बोट सोडून पोहत निघायचं नाही. तिच्यातल्या हवेच्या पिशव्या त्याआधी घरी फुगवून रात्रभर ठेव; सकाळी मऊ झाली ती पिशवी पाण्यात तुला धरणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग चढायला लागले की शर्यत असो नसो, काठावर ये. अॅल्युमिनियमची डोलकाठी घेऊन उघड्या पाण्यावर बसायची ती वेळ नव्हे. काठावर डोलकाठी उभी करतानाही आधी डोक्यावर विजेच्या तारा आहेत का ते बघ.

तर रविवारी जाऊन ये आणि मला तीन गोष्टी कळव: वजन किती भरलं, स्क्रूड्रायव्हर कुठे रुतला, आणि जून ते सप्टेंबर ती कुठे राहणार. तिसरीसाठी बाबांना पटवून भागणार नाही. तुमच्या सोसायटीच्या चेअरमनना गाठ, आणि पार्किंगमध्ये सव्वाचार मीटर जागा टेपने मोजून मगच त्यांच्या दारावरची बेल वाजव.

तुझा,
काका