ताई, एफडी मोडायच्या आधी तो साबण एकदा काट्यावर ठेवा

नमस्कार ताई,

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही कराडच्या, वय ५३, घर स्वतःचं. मिस्टर चार वर्षांपूर्वी गेले, त्यांचा फंड आणि विमा मिळून १५ लाख एफडीत आहेत आणि फॅमिली पेन्शन ३,२०० येते. मुलगी २६ ची, बीएस्सी केमिस्ट्री, पुण्यात एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला, हातात साडेचोवीस हजार पडतात, त्यातले सहा हजार न चुकता तुम्हाला पाठवते. गेल्या दोन दिवाळ्या दोघींनी मिळून उटणं, साबण आणि माका-जास्वंदीचं तेल करून विकलं, लोकांना आवडलं, आता लेक म्हणते जूनमध्ये राजीनामा टाकते, ८ लाखांची एफडी मोडू आणि घरामागे शेड घालू. तुमचं शेवटचं वाक्य असं होतं, "ते पैसे तिच्या लग्नाचे म्हणून बाजूला ठेवलेत, ती म्हणते मांडवात उडवण्यापेक्षा धंद्यात घाल. मोडू का कर्ज काढू?"

आत्ता दोन्ही नको. राजीनामा तर मुळीच नको. धंदा करा, जरूर करा, पण क्रम बदला.

ते पैसे लग्नाचे का धंद्याचे यावर मायलेकी भांडताय, पण ताई, खरं सांगू का, ते दोन्हीचे नाहीत. तो तुमचा पगार आहे. १५ लाखांवर ६.८ टक्क्यांनी महिन्याला साडेआठ हजार येतात, पेन्शन ३,२००, लेकीचे ६,०००, झाले १७,७००, आणि तुम्ही घरखर्च लिहिलाय १७ हजार. म्हणजे गाडी कशीबशी बरोबरीत चाललीये. आता ८ लाख काढले की व्याज उरतं चार हजाराच्या आत, लेकीचे सहा हजार बंद, हातात येणार जेमतेम ७,२००. म्हणजे पहिल्या महिन्यापासून धंद्याने दहा हजार रुपये नुसते आत्ता आहे तसं घर चालवायला काढून द्यायचे, वर लेकीचा स्वतःचा खर्च वेगळा. कुठलाही नवा धंदा पहिल्या महिन्यापासून हे करत नाही, साबणाचा तर नाहीच नाही, का ते पुढे सांगतो.

गेल्या दिवाळीचा हिशोब तुम्ही वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवलात ते फार बरं केलंत. विक्री ८६ हजार, सामान २७ हजार, आणि खाली गोल करून लिहिलंय "फायदा ५९". ताई, त्याच वहीच्या मागच्या पानावर बाकीचे आकडे आहेत की, ते कुणी वजा करायचे? बाटल्या, डब्या, लेबलं साडेनऊ हजार, तीन प्रदर्शनांचं स्टॉलभाडं १४ हजार, जाणंयेणं आणि तिथलं खाणंपिणं साडेपाच, आणि सॅम्पल, फुटलेलं, नातेवाइकांना "घेऊन जा गं" म्हणून दिलेलं असं चार हजाराचं. सगळं धरून ६० हजार खर्च, म्हणजे उरले २६ हजार. तुम्ही दोन महिने रोज पाचेक तास खपलात, लेक शनिवार-रविवार एसटीने येऊन जाऊन खपली, दोघींचे मिळून चारशे तास सहज होतात. तासाला ६५ रुपये पडले. वाईट म्हणत नाही मी, पहिल्या-दुसऱ्या वर्षी चांगलंच आहे हे, पण हा आकडा बघून कुणी साडेचोवीस हजारांची नोकरी सोडत नाही. शिवाय दिवाळीत उटणं आपोआप खपतं हो, नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री माणूस मिळेल ते घेऊन जातो, फेब्रुवारीत उटणं कोण विचारतं?

आता साबणाचं. तुम्ही पाठवलेली कडुनिंबाची वडी मिळाली, वास छान आहे, आमच्या हिने लगेच ताब्यात घेतली. पण सवय म्हणून मी ती आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. लेबलवर १०० ग्रॅम, काट्यावर ९१. लेकीला कारण सांगायला नको, ओतला तेव्हा शंभर भरला असणार आणि मग चार-सहा आठवडे रॅकवर सुकताना पाणी उडालं. पण वजनमापवाल्यांना ते कारण चालत नाही, पाकिटावर लिहिलंय तेवढं पाकीट भरताना आत हवं, म्हणजे एकतर ११० ओता नाहीतर लेबलवर ९० लिहा, आणि दोन्हीत तुमचा एका वडीचा हिशोब बदलतो. तुमच्या वहीत एका वडीचं सामान ३८ रुपये आणि विक्री १५० आहे म्हणून "११२ सुटतात" असं लिहिलंय. वर्षभर धंदा करायचा म्हणजे दुकानातून विकायचं, दुकानदार ३५ टक्के ठेवून घेणार, गेले साडेबावन्न. खोका-लेबल १४, पोचवणावळ धरा ५. उरले चाळीस. खोबरेल तेलाचे भाव मधे कसे चढले ते तुम्हीच बघितलंय, ते तसेच राहिले तर चाळीसही नाहीत.

बरं, चाळीस धरू. भाडं, लाईटबिल, तपासणी असा महिन्याचा बांधील खर्च सहा हजार धरला आणि लेकीला निदान पंधरा सुटावेत म्हटलं तर महिन्याला सव्वापाचशे वड्या विकाव्या लागतात. गेल्या अख्ख्या दिवाळीत विकल्यात ३१०. आणि तो माल सुकायला दीड महिना धरला तर कायम सातशे-आठशे वड्या रॅकवर बसून, म्हणजे तीसेक हजार रुपये नुसते वाळत पडलेत, पुढे दुकानदार पैसे देणार माल खपल्यावर, महिना-दोन महिन्यांनी. नवीन लोक यंत्राचा हिशोब करतात आणि ह्या वाळणाऱ्या पैशाचा करत नाहीत. तुमच्या ८ लाखांच्या यादीत पण बघा, शेड ३, मशीन २, खोके-बाटल्या दीड, वेबसाईट आणि लोगो १, आणि कच्च्या मालाला फक्त ५० हजार. उलटं आहे हो सगळं!

आता तुम्ही न विचारलेलं, पण सगळ्यात मोठं. लायसन्स. उटणं, साबण, तेल हे सगळं कायद्याने कॉस्मेटिक्समध्ये येतं, १९४० चा औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचा कायदा आणि त्याखालचे २०२० चे नियम, आणि विकायला बनवायचं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं उत्पादन लायसन्स लागतं. "घरगुती आहे, थोडंच करतो" याला सूट नाही. जागेची अट अशी की ती राहती नको आणि राहत्या घराला आतून जोडलेली पण नको, भिंती जमिनीपासून सहा फुटांपर्यंत गुळगुळीत, धुता येतील अशा हव्यात. म्हणजे स्वयंपाकघर तर गेलंच, आणि तुम्ही कच्चा नकाशा पाठवलाय त्यातल्या शेडचं दार मागच्या पडवीतून आहे, तीन लाख घालून बांधलीत आणि इन्स्पेक्टरने ते दार बघितलं की संपलं. आधी साताऱ्याच्या ऑफिसात नकाशा घेऊन जा, मग विटा आणा. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे, देखरेखीला जो जाणकार माणूस दाखवावा लागतो त्याला केमिस्ट्री घेऊन बारावी झालेलं पण चालतं, आणि तुमच्या घरात बीएस्सी केमिस्ट्री आहे. बाकीच्यांना ह्या माणसाला पगार द्यावा लागतो.

आणि तेलाच्या बाटलीवर "केस गळणे १५ दिवसांत बंद" लिहिलंय ते आजच काढा. असा दावा केला की ते कॉस्मेटिक राहत नाही, औषध होतं, आयुर्वेदिक म्हणायचं तर त्या औषधाचं लायसन्स वेगळं. "केमिकल फ्री" पण काढा. कॉस्टिक सोड्याशिवाय साबण होत नाही हे मी तुमच्या लेकीला काय सांगणार, तीच रोज लॅबमध्ये उभी असते! कोरफड जेल मात्र यादीतून बाद करा असं माझं मत. पाणी असलेली वस्तू प्रिझर्व्हेटिव्हशिवाय टिकत नाही, बुरशी धरते, आणि परत आलेल्या दहा डब्यांमागे तुमचं कराडमधलं नाव जातं. उटणं, साबण, तेल या कोरड्या आणि तेलकट वस्तूंवरच राहा.

खोक्यांचे दीड लाख तर अजिबात घालू नका. आमच्या माळ्यावर अजून तीन हजार खोके पडलेत, हिने मसाल्याचा घाट घातला होता तेव्हाचे, हजाराच्या वर घेतले की स्वस्त पडतात म्हणून छापून आणले आणि लायसन्स नंबर हातात आला नंतर. पहिले काही खोके स्टिकर लावून वापरले, पुढे कंटाळा आला. आता त्यात आमचे जुने चार्जर आणि दिवाळीच्या माळा आहेत. तुमच्या पण लेबलवर लायसन्स नंबर, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, घटक, एमआरपी हे सगळं लागणार, तोवर साधा खोका आणि वर स्टिकर.

मग करायचं काय? माझ्या मते पहिलं वर्ष असं काढा. ज्यांच्याकडे आधीच लायसन्स आणि जागा आहे अशा युनिटमधून तुमच्या पाककृतीने माल करून घेता येतो, त्याला लोन लायसन्स म्हणतात, अर्ज लेकीच्या नावाने, जागा त्यांची. त्यांची कमीत कमी ऑर्डर किती ते विचारा, भाव घासा, नफा कमी पडेल, पण विटा-सिमेंटमध्ये काही अडकणार नाही आणि दिवाळी सोडून माल खपतो का हे कळेल. लेक नोकरीत राहून हे करू शकते. फक्त कंपनीच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये बाहेर दुसरा व्यवसाय चालतो का ते तिने बघून घ्यावं.

याला पैसा दीड लाख पुरे, तो सुद्धा एफडी मोडून नाही. एफडीवर ओव्हरड्राफ्ट मागा, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तसे पैसे उचलायची सोय. बँका साधारण एफडीच्या दराच्या वर एक-दोन टक्के लावतात, म्हणजे ७.८ टक्के धरले तर पूर्ण दीड लाख वापरले तरी महिन्याला ९७५ रुपये व्याज, कमी वापरलेत तर कमी, आणि तुमचं साडेआठ हजार चालू राहतं. सरकारी योजनेतलं मुद्रा कर्ज मिळेल, नाही असं नाही, पण समजा ३ लाख १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलेत तर हप्ता ६,६७३, आणि तो पहिला साबण सुकायच्या आत सुरू होऊ शकतो.

वर्षभराने स्वतःचं युनिट काढावंसं वाटलं तर पीएमईजीपी बघा, म्हणजे नव्या उद्योगाला कर्जासोबत अनुदान देणारी केंद्राची योजना, फक्त ती तेव्हा चालू आहे का ते आधी विचारा. बायकांसाठी शहरी भागात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचे फक्त ५ टक्के. तुमच्या भावाची खोली कराडपासून आठ किलोमीटरवर गावात रिकामी पडलीये असं तुम्ही सहज लिहून गेलात, पण तीच तुमची जागा आहे! राहतं घर नाही, आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत असलं तर अनुदान ३५ टक्के. चार लाखांचा प्रकल्प धरला तर तुमचे २० हजार, अनुदान १ लाख ४० हजार. ते हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत तुमच्या नावाने अडकून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं, म्हणजे खरं कर्ज २ लाख ४० हजारांचं. एक अडचण आहे. ही योजना फक्त नव्या युनिटला आहे, आधीपासून चालू असलेल्याला नाही. म्हणून उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट आहे म्हणून मोबाईलवर आजच करून टाकू नका, आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन लोन लायसन्सवर विकलेलं यात आड येतं का ते विचारा, लेखी उत्तर मिळालं तर फारच उत्तम.

धंदा कुणाच्या नावावर? लेकीच्या. तुम्ही प्रोप्रायटर झालात आणि उद्या उधारी थकली तर देणेकरी तुमच्या घरापर्यंत आणि एफडीपर्यंत येऊ शकतो, एकल मालकीत धंद्याचं देणं हे मालकाचं स्वतःचं देणं असतं. तुमचे पैसे तिला उसने द्या, बँकेतून ट्रान्सफर करा, रोख नको, साध्या कागदावर दोघींच्या सह्या. आईने लेकीकडून कागद कसा घ्यायचा म्हणाल, पण उद्या तिचं लग्न झालं आणि धंदा सासरच्या गावी गेला तर तुमचे दीड लाख कुठे गेले हे विचारायला तुम्हाला संकोच वाटेल, कागदाला वाटत नाही.

जीएसटीची घाई नाही, ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत मालाला नोंदणी लागत नाही, पण महाराष्ट्राबाहेर एक पार्सल जरी विकायचं तरी लागते, म्हणजे बेंगळुरूच्या मैत्रिणींच्या ऑर्डरी सध्या थांबवा. पुढे घ्यावी लागली तरी २०२५ च्या सप्टेंबरपासून साबणाच्या वड्या आणि केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलंय, त्यामुळे तेव्हाचं तेव्हा बघू.

राजीनाम्याबद्दल थेट लेकीशी बोलतो. बाळ, तुझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई आहे आणि आईला बीपी आहे. तू राजीनामा दिलास की ते कव्हर गेलं, आणि नवीन पॉलिसीत आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून आईची वेगळी पॉलिसी आत्ताच काढ, नोकरीत असतानाच ती वर्षं मोजली जाऊ देत. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडून सलग सहा महिने धंद्यातून सगळा खर्च जाऊन पंधरा हजार सुटले, शिवाय तुझ्या स्वतःच्या खात्यात सहा महिन्यांचा खर्च जमला, की दे राजीनामा, मी पेढे खायला कराडला येईन. तोपर्यंत स्टॉलचं भाडं, एसटीचं तिकीट, आईचे तास, सगळं वहीच्या पुढच्या पानावरच लिहायचं.

ताई, राहिली ती ८ लाखांची एफडी, तिची मुदत ऑगस्टमध्ये संपते म्हणालात. बँकेत जाऊन ऑटो रिन्यूअल काढायला सांगा, नाहीतर ती आहे तशी एकरकमी पुढे जाईल, आणि तिचे दोन-दोन लाखांचे चार तुकडे करा, म्हणजे ओव्हरड्राफ्टला एकच तुकडा तारण ठेवावा लागेल आणि बाकीचे तीन मोकळे राहतील. चारही पावत्यांवर नॉमिनी लिहून घ्या, तुमच्या मिस्टरांच्या वेळी ते नव्हतं म्हणून किती खेटे पडले ते तुम्हीच लिहिलंय.