दुखणारा गुडघा आणि टीममधली जागा

प्रश्न : मुलगा नववीत आहे, रोज संध्याकाळी फुटबॉल खेळतो. दोन महिने झाले, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय, तिथं टेंगूळही आलंय. ‘सरांना सांगू नको, टीममधून काढतील,’ म्हणतो. तुम्हीही गुडघ्यामुळंच खेळ सोडलात असं ऐकलं. काय करू?
– एक आई, खानापूर

उत्तर : ताई, सरांना आजच सांगा. मी स्वतः हायस्कूलच्या पोरांचा कोच आहे. पोरगं दुखणं लपवतंय हे उशिरा कळलं की जीव नुसता तुटतो.

मीही लपवलं होतं. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर वळताना गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला. कुणाचा धक्काही लागला नव्हता. आठवडाभर बर्फ लावला, क्रेप बँडेज गुंडाळलं आणि बेळगावात टिळकवाडीच्या लेले मैदानावर परत उतरलो. सरळ पळताना काही नाही, वळलं की गुडघा निसटायचा. हाडांना जोडणारं लिगामेंट तुटलेलं, तसंच खेळत राहिल्यानं आतली गादीही फाटली. चोविसाव्या वर्षी बूट माळ्यावर गेले. वर्षभर मी टिळकवाडीचा रस्ताच टाळायचो.

तुमच्या मुलाचं वेगळं वाटतंय. या वयात हाडं भराभर वाढतात, मांडीचा स्नायू मागं पडतो, आणि वाटीखाली तो जिथं हाडाला धरतो तिथं ओढ बसते. वाढ थांबली की हे दुखणं बहुतेक पोरांचं जातं, टेंगूळ मात्र राहू शकतं. तरी हाडाच्या डॉक्टरांना दाखवाच. दुखून रात्री झोपमोड होत असेल, गुडघा सुजत किंवा अडकत असेल, ताप असेल, तर उद्यावर टाकू नका. तोवर उड्या आणि जोरात पळणं कमी.

सरांना एक विचारा, वॉर्मअप कसा घेता? मी ‘फिफा ११ प्लस’ घेतो, म्हणजे दुखापत टाळायला ठरवून दिलेला वॉर्मअप, वीसेक मिनिटं लागतात. एका पायावर तोल धरायचा, उडी मारून उतरायचं. गुडघा आत झुकला की मी तिथंच थांबवतो. तुमच्याकडं पावसात तांबड्या चिखलात बुटाच्या तळाचा स्टड रुतून बसतो, अंग वळतं आणि पाय तिथंच राहतो. म्हणून हे आधी शिकवायचं, किक नंतर.

बोलायला जाताना मुलाला सोबत न्या. त्याची जागा जाणार नाही, हे त्यानं सरांच्याच तोंडून ऐकू दे. बरा होईपर्यंत त्याला काम द्यायला सांगा. माझ्याकडचा एक पोरगा सध्या लाइनीवर वही घेऊन बसतो आणि आपला राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा बचावपटू, किती वेळा पुढं गेला, परत यायला किती वेळा उशीर झाला, ते लिहितो. मॅच झाली की पोरं आधी त्याच्याकडं धावतात.