एबीएसचा दिवा लागला की आधी चाक बघा, युनिट नंतर

मुलुंडच्या सदस्याचा प्रश्न थोडक्यात असा: 2003 ची ऑडी टीटी. पाऊस सुरू झाल्यापासून एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) यांचे दिवे लागतात, गाडी बंद करून परत चालू केली की जातात आणि किलोमीटर-दोन किलोमीटरवर पुन्हा येतात. सिग्नलला थांबताना अगदी शेवटी पेडल पायाखाली थरथरतं. स्कॅन केल्यावर 00283 कोड आला. गॅरेजवाले म्हणतात एबीएस युनिट (कंट्रोलर आणि पंप) बदला, आणि तोवर फ्यूज काढून चालवा.

युनिटची ऑर्डर आधी थांबवा. 00283 म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर, जी47. पण कोड फक्त सर्किट दाखवतो, खराब झालेला पार्ट नाही. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, चाकाबरोबर फिरणारी दात्यांची रिंग आहे, व्हील बेअरिंग आहे, प्लग आहे, वायर आहे, आणि सगळ्यात शेवटी युनिट आहे. युनिट किंवा पंप गेला असता तर सहसा 65535 नाहीतर 01276 कोड दिसला असता. तुमचा दिवा गाडी चालायला लागल्यावर येतो, तेही एकाच चाकाच्या नावाने. संशय चाकावरच घ्यायला हवा.

पेडलच्या थरथरीबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. या गाडीचा सेन्सर म्हणजे चुंबक आणि कॉइल. समोरून रिंगचे दाते सरकले की त्यात वीज तयार होते, सायकलच्या डायनॅमोसारखी: वेग कमी झाला की सिग्नलही मंदावतो. रिंगला तडा गेला असेल, सेन्सरच्या तोंडावर गंज किंवा लोखंडाचा चुरा बसला असेल, किंवा बेअरिंग ढिलं होऊन सेन्सर आणि रिंगमधलं अंतर वाढलं असेल, तर 40 च्या वेगाला सगळं ठीक दिसतं आणि 8-10 ला सिग्नल तुटतो. कंट्रोलरला वाटतं चाक लॉक झालं. तो त्या चाकाचं प्रेशर सोडतो आणि नेमकं पुढच्या रिक्षाच्या मागे थांबताना ब्रेक कमी पडतो.

म्हणून फ्यूज काढायचा सल्ला मला अजिबात पटत नाही. फ्यूज काढला की एबीएसबरोबर ईएसपी जातं आणि पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ब्रेकचं प्रेशर वाटून देणारी ईबीडीसुद्धा जाते. मग जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात. त्यात ही टीटी आहे. 1998 ला आलेल्या पहिल्या गाड्यांचे युरोपात जास्त वेगात अपघात झाले, म्हणून ऑडीने मागे स्पॉयलर लावला आणि ईएसपी दिलं. पावसात ईस्टर्न एक्सप्रेसवर हीच गाडी त्याशिवाय चालवायची? नको. नुसता पिवळा एबीएसचा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, अंतर ठेवून हळू गॅरेजपर्यंत जाता येतं. सोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला तर गाडी हलवू नका. आधी फ्लुइडची पातळी बघा, आणि टो करूनच न्या.

आता तपासणी. स्कॅनर जोडा, पत्ता 03 (म्हणजे एबीएस) निवडा आणि मेजरिंग ब्लॉक 001 (चालू आकड्यांचं पान) उघडा. तिथे चारही चाकांचा वेग एकत्र दिसतो. गाडी दुसऱ्याला चालवायला द्या, तुम्ही फक्त आकडे बघा. रविवारी पहाटे बीकेसीचे आतले रस्ते याला बरे. अगदी सावकाश निघा, सावकाश थांबा. डावं पुढचं चाक उशिरा आकडा दाखवतंय की मध्येच शून्यावर पडतंय, हे पाचेक मिनिटांत कळतं. एका लयीत, दर फेऱ्याला आकडा पडत असेल तर रिंग. खड्ड्यात किंवा स्टिअरिंग वळवल्यावर पडत असेल तर वायर नाहीतर बेअरिंग.

मग पुढची दोन्ही चाकं स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. डावं चाक वर-खाली धरून हलवा; खडखड जाणवली तर आधी बेअरिंगचा सोक्षमोक्ष लावा. आपल्या खड्ड्यांत ते लवकर जातं. पुढची रिंग ॲक्सलच्या बाहेरच्या जॉइंटवर बसवलेली असते. टॉर्च घेऊन चाक हाताने फिरवत दाता-दाता बघा. तडा बारीक असतो, दोन दात्यांच्या मधल्या खाचेत, आणि गंजाखाली लपतो. वायर ब्रशने साफ केल्याशिवाय दिसत नाही.

सेन्सरचा प्लग काढा. आत तांब्यावर हिरवी बुरशी दिसली तर आश्चर्य नको. साचलेल्या पाण्यातून गेलेल्या गाड्यांत आणि समुद्राच्या हवेत हे नेहमीचं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या. सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण एक किलो-ओमच्या आसपास येतो. उजव्या बाजूशी ताडून पाहा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक एका वेगाने फिरवा, दोन्ही बाजूंना जवळपास सारखं व्होल्टेज यायला हवं. शेवटी प्लगपासून युनिटपर्यंतच्या दोन्ही वायरींची कंटिन्युइटी (तार सलग आहे का) बघा, आणि मीटर लावलेला असतानाच स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. वरचं आवरण शाबूत आणि आतली तार तुटलेली, असा प्रकार याच ठिकाणी पकडला जातो. (नव्या गाड्यांत हॉल-इफेक्टचे सेन्सर असतात, त्यांना ओहम मीटर लावू नका.)

सेन्सर बदलायची वेळ आली तर घाई नको. तो नकलमध्ये (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग) गंजून घट्ट बसतो आणि पकडीने ओढला की डोकं तुटून हातात येतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत काढा. भोक आतून साफ केल्याशिवाय नवा बसवू नका, नाहीतर तो तिरका राहतो आणि अंतर पुन्हा चुकतं. पार्ट ऑपेरा हाऊसला नवाच घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना स्वस्त मिळेल, पण त्याचं वय तुमच्या सेन्सरइतकंच.

इतकं करून सगळं ठीक निघालं, तरच युनिट बदलायचं. तेव्हाही आधी जुन्याचं कोडिंग (त्यात भरलेला सेटिंगचा नंबर) लिहून ठेवा आणि नंतर स्टिअरिंग अँगल सेन्सरची शून्य स्थिती सेट करून घ्या.

ब्लॉक 001 चे आकडे आणि रिंगचा फोटो इथे टाका. गाडी क्वात्रो (चारही चाकांना ताकद देणारी) आहे की नाही आणि चारही टायर एकाच साइझचे आहेत का, तेही लिहा.