फिलिपिन्समधलं ताआल गाव १५७२ सालचं सांगतात, मग तिथल्या जवळपास सगळ्या वास्तू १७५५ नंतरच्या कशा?

तुम्ही बरोबर हेरलंत. १५७२ हे साल खरं आहे, पण ते ज्या गावठाणाचं आहे ते आजच्या ताआलमध्ये नाहीच. ते शेजारच्या सान निकोलासमध्ये, ताआल तळ्याच्या काठी आहे. येणारे लोक ताआलचं मोठं चर्च बघतात आणि माघारी फिरतात. सान निकोलासकडे फारसं कुणी वळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जुनं गाव तळ्याकाठी वसलं ते पानसिपित नदीमुळे. ही नदी तळ्याचं पाणी बालायानच्या उपसागरात नेते. त्या काळी तिचं पात्र रुंद होतं आणि समुद्रातून होड्या थेट तळ्यात येत. १५७० मध्ये फिलिपिन्समधला पहिला स्पॅनिश गव्हर्नर लेगास्पी याचा नातू हुआन दे साल्सेदो याच वाटेवर पायात विषारी बाण लागून जखमी झाला. त्यानंतर दोनच वर्षांत ऑगस्टिनियन या कॅथलिक संघाच्या मिशनऱ्यांनी इथे गाव वसवलं. १७३२ पासून तर ते बातांगास प्रांताचं मुख्य ठिकाण होतं.

१५ मे १७५४ च्या रात्री तळ्यातल्या ज्वालामुखीचा उद्रेक सुरू झाला तो थेट डिसेंबरपर्यंत. राखेने आणि दगडांनी पानसिपितची वाट बुजली, तळ्याचं पाणी चढलं आणि काठावरची गावं काही गाडली गेली, काही बुडाली. लिपा आणि तानावान यांनाही जागा बदलावी लागली. साला गाव तर स्वतंत्रपणे पुन्हा उभं राहिलंच नाही. समुद्राशी असलेला संबंध तुटल्यावर तळ्याचं खारं पाणी हळूहळू गोडं झालं. तिथला ताविलिस मासा म्हणजे तारलीच्याच कुळातला, पण गोड्या पाण्यात राहणारा, आणि जगात तो याच एका तळ्यात सापडतो. एका उद्रेकाने गाव हलवलं आणि पाण्याचा गुणही बदलला, हे मला या इतिहासातलं सगळ्यात विलक्षण वाटतं.

ताआलकर मग १७५५ मध्ये कायसासाय नावाच्या जागेजवळच्या टेकडीवर गेले. ही जागा त्यांना परकी नव्हती. १६०३ मध्ये हुआन मानिंगकाद नावाच्या कोळ्याच्या जाळ्यात तिथल्या नदीत मारियेची जेमतेम फूटभर उंचीची लाकडी मूर्ती आली होती, आणि तिच्यासाठी पोवळ्याच्या दगडात चर्च बांधलं गेलं होतं. तेव्हा आजच्या ताआलमध्ये १७५५ च्या आधीचं काही शोधत असाल, तर टेकडीच्या पायथ्याशी हे चर्च आहे. पुढे त्याची अनेकदा डागडुजी झाली, पण जागा तीच.

टेकडीवरचं सान मार्तिनचं पहिलं चर्च एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात भूकंपात पडलं. आज दिसतं ते १८५६ मध्ये बांधायला घेतलं आणि १८७८ मध्ये पुरं झालं. लांबी ८८ मीटरहून जास्त, रुंदी ४८ मीटर. आशियातलं सर्वांत मोठं कॅथलिक चर्च म्हणून ते ओळखलं जातं. १८९८ मध्ये फिलिपिन्सचा पहिला राष्ट्रध्वज हाँगकाँगमध्ये शिवणाऱ्या मार्सेला आगोन्सिल्यो याच गावच्या. त्यांचं घर आता संग्रहालय आहे.

आणखी एक. १९५५ मध्ये सान निकोलास ही वेगळी नगरपालिका झाली, त्यामुळे ताआल जिथे वसलं ती जागा आता कागदोपत्रीही ताआलची नाही. तिथे जुन्या चर्चच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. जाणार असाल तर आधी त्या बघा, मग टेकडीवर चढा. फक्त निघण्यापूर्वी ज्वालामुखीची इशारा-पातळी पाहून घ्या. १२ जानेवारी २०२० च्या उद्रेकात या दोन्ही गावांतल्या लोकांना घरं सोडून बाहेर पडावं लागलं होतं.